ग्रेग वायलर यांचं उपग्रह इंटरनेट: कक्षा, अँटेना आणि पैशाचं गणित

प्रश्न असा आहे: उद्योजक ग्रेग वायलर यांची पहिली उपग्रह इंटरनेट कंपनी ओथ्रीबी चालली, मग माणूस तोच आणि कल्पनाही तीच असताना दुसरी कंपनी वनवेब दिवाळखोरीत का गेली? आणि आता तिच्यात भारती समूह मोठा भागधारक आहे, तर आमच्या डोंगराळ तालुक्यातल्या शाळा आणि ग्रामपंचायतींना तिचा उपयोग होईल का?

कल्पना एकच होती, हे मला मान्य नाही. दोन्हीकडे उद्देश एक होता, पण कक्षा बदलली आणि कक्षेबरोबर अँटेना, गेटवे (उपग्रहाला जमिनीवरच्या इंटरनेटशी जोडणारी केंद्रं), परवाने, पैसे येण्याची वेळ असं सगळंच बदललं. या धंद्यात उपग्रह बनवणं आणि वर पाठवणं यातले बहुतेक प्रश्न सुटलेले असतात. घोडं अडतं ते जमिनीवर, आणि पहिलं बिल फाडायच्या आधी किती खर्च करावा लागतो यावर.

वायलर यांची सुरुवात उपग्रहाने झालीच नव्हती. २००३ च्या सुमारास ते रवांडात टेराकॉम कंपनीमार्फत शाळा आणि सरकारी कचेऱ्यांना फायबरने जोडत होते. देशात फायबर टाकता आली, पण देशाबाहेर जायला वाट नव्हती. रवांडाला समुद्रकिनारा नाही, आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोठ्या समुद्री केबल पोचल्या त्या २००९ पासून पुढे. तोवर परदेशी रहदारी भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहावरून जायची. म्हणजे गावात फायबर, आणि पुढे ३५,७८६ किलोमीटर उंचीचा उपग्रह.

त्या उंचीचा त्रास आकड्यात पाहू. तुमची मागणी वर जाते, खाली गेटवेला येते, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येतं. उंचीच्या चौपट अंतर झालं, म्हणजे १,४३,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही त्याला ४७७ मिलिसेकंद लागतात, आणि यंत्रणांचा वेळ धरला की प्रत्यक्षात ६०० च्या पुढे. नुसता उशीर असता तर चाललं असतं, पण इंटरनेटवर माहिती पाठवण्याची टीसीपी ही पद्धत पावती आल्याशिवाय ठरावीक मर्यादेपुढे माल पाठवत नाही. जुनी ६४ किलोबाइटची विंडो (म्हणजे ही मर्यादा) धरली तर ६०० मिलिसेकंदांत एक खेप, म्हणजे सेकंदाला जेमतेम पावणेनऊशे किलोबिट. लाइन कितीही रुंद घेतली तरी एका कनेक्शनला त्याहून जास्त मिळत नाही. यावर उपाय म्हणून मोडेममध्येच खोटी पावती देणारी यंत्रणा बसवतात. ती चांगली चालते, पण व्हीपीएन (माहिती कुलूपबंद करून पाठवणारी जोडणी) चालू केला की मोडेमला आतलं काही दिसत नाही आणि वेग धपकन खाली येतो. बँकेच्या ग्रामीण शाखेत व्हीसॅट (भूस्थिर उपग्रहाची छोटी छत्री) असेल तर ही तक्रार हमखास ऐकायला मिळते.

२००७ मध्ये वायलर यांनी ओथ्रीबी काढली ती या उशिरावर उपाय म्हणून. गूगल, लिबर्टी ग्लोबल आणि एचएसबीसी यांचा पैसा होता, नंतर लक्झेंबर्गची उपग्रह कंपनी एसईएस आली. कक्षा निवडली विषुववृत्ताच्या बरोबर वर, ८,०६२ किलोमीटरवर. उंचीचा चौपट प्रवास ३२,००० किलोमीटर, म्हणजे १०८ मिलिसेकंद, आणि प्रत्यक्षात दीडशेच्या आत.

या निवडीतली खरी हुशारी उशीर कमी करण्यात नाही, कड्यात आहे. सगळे उपग्रह विषुववृत्तावरच्या एकाच कड्यात फिरतात. त्या उंचीवर एक फेरी २८८ मिनिटांची. पृथ्वीही त्याच दिशेने फिरत असल्याने एकच उपग्रह तुमच्या डोक्यावर दर सहा तासांनी परत येतो. आठ उपग्रह असले की दर ४५ मिनिटांनी नवा उगवतो, आणि अखंड सेवेला तेवढं पुरतं. जून २०१३ मध्ये चार आणि जुलै २०१४ मध्ये चार असे उपग्रह फ्रेंच गयानातल्या कुरूहून रशियन सोयूझ रॉकेटने गेले आणि २०१४ मध्येच व्यापारी सेवा सुरू झाली. पहिल्या चारांत वीजपुरवठ्याचा दोष निघाला. तरीही डिसेंबर २०१४ च्या आणखी चार उपग्रहांनी घडी बसली.

ग्राहकही विचारपूर्वक निवडलेले होते. ओथ्रीबीने घराघरात इंटरनेट दिलंच नाही. तिने कुक बेटांसारख्या ठिकाणच्या दूरसंचार कंपनीला, मोठ्या पर्यटन जहाजांना जाडजूड लाइन दिली. प्रत्येक उपग्रहावर वळवता येणाऱ्या १२ अँटेना होत्या, दहा ग्राहकांसाठी आणि दोन गेटवेसाठी. जिथे पैसे देणारा ग्राहक आहे तिथेच बीम (सिग्नलचा झोत) रोखायचा, समुद्रावर वाया घालवायचा नाही.

जमिनीवर मात्र दोन डिश लागतात. पहिली मावळत्या उपग्रहाच्या मागे फिरत असते, दुसरी उगवत्या उपग्रहाकडे आधीच रोखून ठेवलेली असते. दोन्ही लागल्या की मोडेम रहदारी पहिलीवरून दुसरीवर सरकवतो, मग पहिली वळून पुढच्या उपग्रहाची वाट पाहते. या बदलाच्या क्षणी दोन मार्गांची लांबी वेगळी असते. मोडेमने तो फरक भरून काढला नाही तर पाकिटं मागेपुढे पोचतात आणि आवाजाचे कॉल तुटक येतात. फिरत्या डिशची मोटर, गिअर आणि बेअरिंग ही झिजणारी वस्तू आहे, आणि खाऱ्या हवेत ती फार लवकर झिजते. त्यामुळे दोनऐवजी तीन डिश बसवणं शहाणपणाचं. बेटावरच्या कंपनीला हा खर्च परवडतो, तिथे हजारो ग्राहक एका लाइनवर असतात. घराला परवडत नाही. २०१६ मध्ये एसईएसने ओथ्रीबी पूर्ण ताब्यात घेतली. जिओने भारतात एसईएसबरोबर हात मिळवला तो याच कक्षेसाठी. मुंबईवरून तिचे उपग्रह दक्षिणेला जास्तीत जास्त ५७ अंशांवर दिसतात, म्हणजे आपल्याकडून नजर चांगली मिळते.

वायलर यांना मात्र घरापर्यंत आणि शाळेपर्यंत जायचं होतं. २०१२ मध्ये वर्ल्डव्ह्यू नावाने सुरू झालेली कंपनी पुढे वनवेब झाली. कक्षा १,२०० किलोमीटर, जवळजवळ ध्रुवावरून जाणारी, विषुववृत्ताशी कल ८७.९ अंश. चौपट अंतर ४,८०० किलोमीटर, म्हणजे १६ मिलिसेकंद, प्रत्यक्षात शंभरच्या आत. शिवाय अंतर तिसाव्या हिश्शावर आल्याने तेवढ्याच सिग्नलसाठी सुमारे नऊशेपट कमी ताकद पुरते. म्हणून उपग्रह दीडशे किलोचा चालतो आणि कारखान्यात रांगेत बनवता येतो. एअरबसबरोबर फ्लोरिडात काढलेल्या कारखान्याचं लक्ष्य दिवसाला दोन उपग्रहांचं होतं, आणि हा भाग खरोखर जमला. एका उपग्रहाची किंमत पाच लाख डॉलरच्या आत ठेवायची होती, ती दहा लाखांच्या आसपास गेली. पण पूर्वी एकेक उपग्रह हाताने बनत असे हे लक्षात घेतलं, तर वायलर यांनी अवकाश उद्योगाला घातलेली ही मोठी भर आहे, आणि तिचं श्रेय त्यांना पुरेसं मिळत नाही असं मला वाटतं.

आता पैशाकडे येऊ. ध्रुवीय कक्षेत एक कडं पुरत नाही. पृथ्वी खाली फिरत राहते, त्यामुळे सगळीकडे अखंड सेवा द्यायची तर १२ कडी आणि प्रत्येकात ४९, असे ५८८ उपग्रह लागतात, राखीव धरून साडेसहाशेच्या आसपास. विषुववृत्ताजवळ कडी सर्वांत विरळ असतात आणि ध्रुवाकडे दाट होत जातात. म्हणजे निम्मे उपग्रह गेले की अलास्का, ग्रीनलंड, उत्तर युरोप झाकले जातात. आफ्रिका, भारत, इंडोनेशिया, म्हणजे जिथे लोक राहतात आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप आहे, ते सर्वांत शेवटी. ओथ्रीबीला आठ उपग्रहांवर बिल फाडता आलं. वनवेबला भारतात बिल फाडायला जवळजवळ सगळे उपग्रह वर असणं भाग होतं.

तोवर पैसा दुसऱ्याकडून आणायचा. २०१५ मध्ये ५० कोटी डॉलर आले. त्यात एअरबस, क्वालकॉम, व्हर्जिन, कोकाकोला होते आणि भारतीही होती. २०१६ अखेर १२० कोटी, त्यातले १०० कोटी एकट्या सॉफ्टबँकेचे. मार्च २०१९ मध्ये आणखी १२५ कोटी. २०१७ मध्ये इंटेलसॅट या जुन्या उपग्रह कंपनीत विलीन होण्याचा बेत रोखेधारकांनी मान्य न केल्याने फसला. तो जमला असता तर चालू धंद्याची मिळकत हाताशी आली असती. एकूण सुमारे ३४० कोटी डॉलर जमले. पहिले सहा उपग्रह २७ फेब्रुवारी २०१९ ला गेले, मग वर्षभर काही नाही, मग फेब्रुवारी आणि मार्च २०२० मध्ये ३४-३४. कक्षेत ७४ उपग्रह, सेवा शून्य, आणि २७ मार्च २०२० ला दिवाळखोरीचा अर्ज. करोनाने बाजार गोठला आणि सॉफ्टबँकेने पुढचा पैसा नाकारला हे तात्कालिक कारण. मूळ कारण असं की एकाच मोठ्या गुंतवणूकदाराच्या होकारावर पुढचा टप्पा टांगलेला होता, आणि मध्ये थांबून कमाई करता येईल असा एकही मुक्काम योजनेत नव्हता.

स्टारलिंकशी तुलना इथेच करावी. मस्क यांच्याकडे स्वतःचं रॉकेट होतं, वायलर यांना २१ सोयूझ उड्डाणं विकत घ्यावी लागली. स्टारलिंकने ५५० किलोमीटर आणि ५३ अंशांचा कल घेतला, त्यामुळे अमेरिका आणि युरोपातल्या पैसेवाल्या ग्राहकांवर आधी दाटी झाली आणि उपग्रह अर्धवट असतानाच महसूल सुरू झाला.

दुसरी अडचण अँटेनाची. उपग्रह डोक्यावरून वेगाने जातो, जमिनीवरचा त्याचा माग सेकंदाला साधारण सहा किलोमीटर सरकतो. खालचा झोत सुमारे १,०८० किलोमीटरचा आणि त्यात १६ लांबट पट्टे. हिशेब केला तर अँटेनाला दर अकरा सेकंदांनी पट्टा आणि दर दोन-तीन मिनिटांनी उपग्रह बदलावा लागतो. हे न हलता करायचं तर शेकडो छोट्या घटकांची, प्रत्येकाच्या लहरीची कला (फेज) स्वतंत्र बदलून झोत वळवणारी सपाट अँटेना लागते. जानेवारी २०१९ मध्ये वायलर यांनी स्वतःच्या पैशातून चालवलेल्या वेफर प्रकल्पात १५ डॉलरचा अँटेना भाग तयार झाल्याचं जाहीर केलं. वनवेबची सेवा मात्र सुरू झाली ती इन्टेलियन, ह्यूजेस यांच्या बऱ्याच महाग उपकरणांवर. स्टारलिंकलाही सुरुवातीला एक डिश सुमारे ३,००० डॉलरला पडायची आणि ती ४९९ ला विकली जायची, म्हणजे फरक कंपनी सोसत होती. ज्याच्याकडे हा फरक सोसायची ताकद नाही त्याने घरगुती ग्राहकाच्या वाटेला जाऊ नये. नव्या मालकांनी वनवेब घाऊक विक्रीवर आणली, दूरसंचार कंपन्या, विमानं, जहाजं आणि सरकारं यांच्याकडे वळवली, ते याच कारणाने.

तिसरी गोष्ट गेटवेंची. वनवेबच्या पहिल्या पिढीत उपग्रह एकमेकांशी बोलत नाहीत. वरून आलेलं त्याच वेळी खाली कुठल्या तरी गेटवेला उतरलं पाहिजे. त्यामुळे जगभर चाळीसेक गेटवे, प्रत्येक ठिकाणी माग ठेवणाऱ्या अनेक मोठ्या डिश, जमीन, फायबर आणि त्या त्या देशाचा परवाना. एका देशाने परवाना लांबवला की त्याच्या आसपासच्या मोठ्या टापूत उपग्रह नुसता उडत राहतो. भारतात गुजरातेत मेहसाणा आणि तामिळनाडू अशी दोन ठिकाणं आहेत. दोन असण्याला कारणही आहे. गेटवेची लाइन का-बँडची, म्हणजे जास्त वारंवारतेची, असते आणि पाऊस तिला खातो. ताशी १०० मिलिमीटरच्या सरीत ३० गिगाहर्ट्झला किलोमीटरमागे १८-१९ डेसिबल जातात, तर ग्राहकाच्या १२ गिगाहर्ट्झला चार-पाच. एका गेटवेवर ढगफुटी झाली की रहदारी दुसरीकडे वळवावी लागते.

आणि स्पेक्ट्रम. कू-बँडमध्ये, म्हणजे ग्राहकाच्या १२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, भूस्थिर उपग्रहांचा मान आधी. ध्रुवीय उपग्रह विषुववृत्त ओलांडताना त्यांच्या डिशच्या बरोबर समोर येतो. म्हणून वनवेबचा उपग्रह विषुववृत्ताजवळ येताना हळूहळू नाक कलवत जातो आणि काही पट्टे बंद ठेवतो, ती जागा शेजारचा उपग्रह भरतो. हा उपाय सुबक आहे आणि वनवेबची सगळी आखणी त्यावर उभी आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे (आयटीयू) नोंदवलेला हक्क टिकवायला ठरलेल्या मुदतीत उपग्रह कक्षेत नेऊन ९० दिवस चालता ठेवावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये वनवेबने आपला हक्क पक्का झाल्याचं जाहीर केलं. दिवाळखोरीनंतर ब्रिटिश सरकार आणि भारतीने प्रत्येकी ५० कोटी डॉलर मोजले ते ७४ उपग्रहांपेक्षा या हक्कासाठी मोजले, असं मी मानतो.

पुढचं थोडक्यात. मार्च २०२२ मध्ये रशियाने अटी घातल्या, ३६ उपग्रह कझाकस्तानातल्या बैकोनूर तळावर अडकले आणि सोयूझची वाट बंद झाली. मग मस्क यांची स्पेसएक्स आणि आपली एनएसआयएल, म्हणजे इस्रोची व्यापारी कंपनी. श्रीहरिकोटाहून एलव्हीएम-३ ने २३ ऑक्टोबर २०२२ आणि २६ मार्च २०२३ ला ३६-३६ उपग्रह नेले. एका खेपेचं वजन ५,८०० किलोच्या घरात, आणि एकमेकांना धक्का लागू नये म्हणून ते चार-चार करून सोडले. दुसऱ्या उड्डाणाने संख्या ६१८ झाली आणि जागतिक जाळं पूर्ण झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या युटेलसॅट या उपग्रह कंपनीशी विलीनीकरण झालं.

आता तुमच्या तालुक्याचं. आधी क्षमतेचा ढोबळ हिशेब करा. एका उपग्रहाची क्षमता सात-आठ गिगाबिट, आणि भारताच्या क्षेत्रफळावर एका वेळी साधारण तीन झोत बसतात. म्हणजे देशाला २० गिगाबिटच्या आसपास, क्षेत्रफळाच्या प्रमाणात महाराष्ट्राला दोन. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. सगळ्यांनी एकदम वापरलं तर प्रत्येकीला ७० किलोबिट. म्हणून जिथे फायबर पोचली आहे, किंवा पुढच्या वर्ष-दोन वर्षांत नक्की पोचणार आहे, तिथे या कक्षेची क्षमता खर्च करू नये. अक्कलकुवा, धडगाव, मेळघाट, भामरागड इथल्या ज्या पाड्यांवर खांबही नाही आणि डोंगरामुळे मायक्रोवेव्हची सरळ रेषही मिळत नाही, तिथे तिचं मोल आहे. तिथेही घरोघर नको. एक टर्मिनल (अँटेना आणि मोडेमचा संच) घ्या, त्यावरून शाळा, आरोग्य उपकेंद्र, रेशन दुकान आणि एक मोबाइल टॉवर किंवा सार्वजनिक वायफाय चालवा.

जागा निवडताना व्हीसॅटची सवय सोडावी लागते. भूस्थिर छत्रीला दक्षिणेकडची एक फट पुरते. वनवेबचे उपग्रह उत्तर-दक्षिण जातात, त्यामुळे दोन्ही दिशांना आभाळ मोकळं हवं. मोबाइलमधलं कोन मोजायचं अ‍ॅप घेऊन बसवायच्या उंचीवरून चहूबाजूंना दर ३० अंशांवर अडथळ्याचा कोन लिहून ठेवा, आणि कंपनीने दिलेल्या किमान कोनाशी ताडून पाहा. सर्वेक्षण उन्हाळ्यात करत असाल तर पानगळ झालेल्या सागाला पावसाळ्यात पानं येतात, हे धरा. ओलं पान कोरड्या पानापेक्षा कितीतरी जास्त सिग्नल पितं.

वीज हा दुसरा मुद्दा. टर्मिनल आणि राउटर मिळून १०० वॅट धरा (नेमका आकडा उपकरणाच्या पाटीवरून घ्या). १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते, पण लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवू नये आणि इन्व्हर्टरही थोडं खातो, म्हणजे हातात सात-आठ तास. सातपुड्यात पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसते. तिथे अशा चार तरी बॅटऱ्या आणि सौर पॅनेल हवंच, आणि पॅनेलचा हिशेब मे महिन्याच्या उन्हावर न करता जुलैच्या ढगांवर करा. अर्थिंग स्वतंत्र घ्या, पाच ओहमच्या आत ठेवा, आणि इथरनेट केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अडवणारं साधन) लावा. उंचवट्यावरच्या शाळेत उघड्यावरची डिश ही विजेला मिळालेली पहिली वाट असते. केबल भिंतीतून आत घेण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी कनेक्टरमध्ये न जाता झोळातून ठिबकेल.

बंद पडलं तर तुटण्याची नोंद आधी पाहा. दर काही मिनिटांनी ठरावीक अंतराने सेकंद-दोन सेकंद तुटत असेल तर झाड किंवा भिंत आड येते आहे. जोराच्या सरीत तुटून सर ओसरली की येत असेल तर पाऊस आहे, त्यावर करण्यासारखं काही नाही. तुमच्याकडे ऊन असताना तुटलं आणि टर्मिनलवर सिग्नल चांगला दिसत असेल तर गेटवेच्या बाजूला पाहायला सांगा. संध्याकाळी सात ते दहा फक्त वेग घसरत असेल तर गर्दी आहे. पावसानंतर दोन दिवसांनी हळूहळू बिघडत गेलं तर कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. आणि उपकरण स्वतःच पुन्हा चालू होत असेल तर व्होल्टेज मोजा, ते संध्याकाळी पडतं.

शेवटी कराराचं. कंपनी तुम्हाला 'अमुक एमबीपीएसपर्यंत' असं लिहून देईल. त्याऐवजी तीन आकडे लेखी मागा: किमान हमीचा वेग, तो किती जणांत वाटला जाणार ते प्रमाण, आणि महिन्याला किती जीबीनंतर वेग कमी होणार. टर्मिनल मालकीचं की भाड्याचं, बिघडल्यास बदली किती दिवसांत आणि कुठल्या गावापर्यंत पोचवणार, हेही त्यातच घाला. तालुक्याला एक जोड टर्मिनल ठेवायची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात करा. नंतर ती मंजूर होत नाही.